कमी पाण्याची, भर उन्हातली बाग : काळ्या मातीच्या मुलखात झाडे कशी निवडावीत

एप्रिल 2016 मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. पहिली गाडी 12 एप्रिलला आली आणि तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. घरात हंडा मोजून भरला जात असताना बागेला पाणी घालणे मनालाही शिवले नाही आणि मे संपेपर्यंत माझ्या अंगणातली हिरवळ, गुलाबाची ओळ आणि हौसेने आणलेली क्रोटनची रोपे वाळून गेली. मात्र गल्लीच्या टोकाला, वर्षभर कुलूप असलेल्या एका घराच्या कुंपणावर बोगनवेल गुलाबी रंगाने नुसती लगडलेली होती. तिला कित्येक महिने कोणी तांब्याभर पाणी घातले नव्हते. पुढे लावलेल्या बागेचा आराखडा मी त्या कुंपणावरून घेतला. नव्याने बाग करणाऱ्यांसाठी ती पद्धत क्रमाने येथे मांडत आहे. ती मुख्यतः मराठवाडा, सोलापूर आणि नगरच्या पर्जन्यछायेतील पट्ट्याला लागू आहे, कारण तेथे पाऊस साधारण 500 ते 800 मिलिमीटर पडतो, तोही लहरीने, आणि उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. कोकणातल्या वाचकाने हे सारे जसेच्या तसे उचलू नये.

पहिली पायरी : मे महिन्यात फिरून पाहणे

झाडांची यादी करण्याची योग्य वेळ पावसाळा नव्हे. जूनच्या पहिल्या सरीनंतर रोपवाटिकेतले प्रत्येक झाड टवटवीत दिसते आणि हात आपोआप खिशाकडे जातो. त्याऐवजी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, आपल्याच वस्तीत अर्धा तास फिरावे. बंद घरे, शाळांची आवारे, स्मशानभूमीची कुंपणे, मंदिरामागची मोकळी जागा आणि रस्त्याचे दुभाजक पाहावेत. जेथे पाणी घालणारे कोणी नाही तेथे जे हिरवे आहे, फुलले आहे किंवा निदान फांदीने जिवंत आहे, त्याची वहीत नोंद करावी. आपल्याच मातीत आणि आपल्याच उन्हात उत्तीर्ण झालेली ही झाडे असतात, म्हणून कोणत्याही छापील यादीपेक्षा, या लेखातल्या यादीपेक्षाही, ही वही अधिक भरवशाची असते.

नोंद करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाने गळालेले झाड मेलेलेच असते असे नाही. बहावा, पळस, आपटा, सीताफळ, चाफा ही झाडे कोरड्या दिवसांत पाने टाकून देतात, कारण पानांतूनच पाणी उडून जाते. निवडुंग, कोरफड आणि घायपात यांनी दुसरा मार्ग धरला आहे. ती पाणी अंगात साठवतात आणि आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्रीच्या गारव्यात उघडतात. कण्हेरीचे चामड्यासारखे मेणचट पान, बाभळीची बारीक पर्णिका हे तिसऱ्या तऱ्हेचे उपाय आहेत. अनोळखी झाड समोर आले, की पान जाड आहे का, लव आहे का, रंग राखाडीकडे झुकतो का, चीक निघतो का, एवढे पाहिले तरी ते उन्हात तग धरील की नाही याचा बराचसा अंदाज येतो.

दुसरी पायरी : मातीची परीक्षा

येथे बहुतेक नवखे फसतात आणि मीही फसलो होतो. कमी पाण्याचे झाड तहानेने मरेल ही भीती सर्वांना असते, पण काळ्या मातीत अशी झाडे उन्हाळ्याइतकीच पावसाळ्यातही मरतात. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि मुळांभोवतीची हवा कोंडते. उलट उन्हाळ्यात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा बारीक मुळ्या तोडून टाकतात.

परीक्षा सोपी आहे. साधारण फूटभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्यावा, पाण्याने काठोकाठ भरावा आणि ते पूर्ण जिरू द्यावे. मग लगेच दुसऱ्यांदा भरून घड्याळ लावावे. दोन-तीन तासांत पाणी उतरले तर जमीन मुरमाड किंवा हलकी आहे, काळजीचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसत असेल तर ती भारी जमीन आहे आणि तेथे झाड सपाटीवर लावू नये.

भारी जमिनीवर उपाय म्हणून खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. चहूबाजूंनी चिकण काळी माती आणि मध्ये सच्छिद्र मुरूम, असा खड्डा पावसाळ्यात विहिरीसारखा भरतो आणि झाडाची मुळे त्या विहिरीत उभी राहतात. माझा पहिला पांढरा चाफा असाच गेला. ऑगस्टमध्ये त्याचे खोड बोटाने दाबले तर पिकल्या केळ्यासारखे आत गेले. खाली खणण्यापेक्षा वर चढावे हे बरे. दीड फूट उंचीचा गादीवाफा किंवा उंचवटा करावा आणि त्यासाठी दोन भाग मुरूम, एक भाग वाफशावरची काळी माती आणि अर्धा भाग कुजलेले शेणखत, असे मिश्रण वापरावे. माती वाफशावर आहे की नाही हे मुठीत दाबून कळते. लाडू वळला पाहिजे, पण अंगठ्याने टोचताच तो फुटला पाहिजे.

तिसरी पायरी : पाण्याचा हिशेब

झाडे किती लावायची हे हौसेवर नव्हे, टाकीवर ठरवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटरचे छत असेल आणि वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस झाला, तर छतावर जवळपास 55 हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी 44 हजार लिटर उरते. ते सगळे साठवणे कोणाला जमत नाही, पण पाच हजार लिटरची एक टाकी बहुतेकांना जमते.

आता खर्चाची बाजू. नव्या झुडपाला पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या मध्यापासून मृग लागेपर्यंतच्या सोळा आठवड्यांत, आठवड्याला दहा लिटरची एक बादली आणि कडक उन्हाच्या चार आठवड्यांत आणखी एकेक बादली द्यावी. हे एकंदर दोनशे लिटर झाले. वीस झुडपांना चार हजार लिटर लागतात, म्हणजे टाकीत थोडे उरतेही. याउलट शंभर चौरस मीटर हिरवळीला भर उन्हाळ्यात रोज किमान पाच मिलिमीटर, म्हणजे पाचशे लिटर पाणी लागते आणि तीच टाकी दहा दिवसांत कोरडी होते. हिरवळीच्या विरोधात मला आणखी काही सांगायचे नाही.

याच वेळी बागेचे पाण्याप्रमाणे भाग पाडावेत. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ असायची, ती व्यवस्था आजही उत्तम आहे. भांडी विसळलेले, साबण कमी असलेले पाणी जेथे पोहोचते तेथे कढीपत्ता, गवती चहा आणि पानओवा लावावा. त्यापलीकडे, बादली नेण्याच्या अंतरावर, मोगरा आणि मधुमालती. कुंपणाजवळ, जेथे रोज जाण्याचा कंटाळा येणारच आहे, तेथे फक्त तीच झाडे लावावीत ज्यांना दोन वर्षांनंतर आपली गरज उरणार नाही. बोअरचे पाणी मचूळ असेल तर मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळतात. कण्हेर आणि बोगनवेल ते बऱ्यापैकी सोसतात.

चौथी पायरी : निवड

सुरुवात दोन मोठ्या झाडांपासून करावी, कारण त्यांची विरळ सावली मिळाली की खालच्या झुडपांचे पाणी वाचते. घराच्या पश्चिमेला जागा असेल तर बहावा लावावा. एप्रिल-मेमध्ये, बाकी सारे होरपळत असताना, तो पाने झाडून पिवळ्या घोसांनी भरतो. वाढ सावकाश होते आणि फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते, एवढी सबुरी हवी. भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवावे. दुसरे झाड म्हणून आपटा घ्यावा. तो लहान चणीचा, वाकड्यातिकड्या फांद्यांचा आणि कमालीचा चिवट आहे, शिवाय दसऱ्याला इतरांची झाडे ओरबाडण्याची वेळ येत नाही. कडुनिंब कोरड्या हवेत सर्वांत खात्रीचा, पण तो फार मोठा होतो आणि दोन गुंठ्यांच्या अंगणात पुढे कुऱ्हाड लावावी लागते, म्हणून लहान जागेत मी तो सुचवत नाही. शेवगा झटपट वाढतो, शेंगा देतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असते. वळवाच्या वादळात फांदी कोसळते, म्हणून तो वाहन उभे करण्याच्या जागेपासून दूर लावावा आणि दरवर्षी छाटून बुटका ठेवावा.

फळझाड हवे असेल तर सीताफळ. बालाघाटच्या डोंगरात ते खडकाच्या सांदीत, कोणी न लावता उगवते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच्या पानांना शेळ्या तोंड लावत नाहीत, हा गुण उघड्या कुंपणाच्या गावात फार मोलाचा ठरतो. मात्र उन्हाळी फुले कोरड्या हवेत बरीचशी गळतात आणि फळधारणा पावसाचा ओलावा आल्यावरच नीट होते, त्यामुळे मेमधली फूलगळ पाहून घाबरून पाणी वाढवू नये. डाळिंबही या पट्ट्यातलेच, सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे, पण त्यावर रोग-कीड जास्त येते. नवख्याने ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. करवंद कुंपणाला चांगले. काट्यांमुळे जनावरे आत येत नाहीत आणि लोणच्यापुरती फळे मिळतात.

झुडपांत माझे पहिले मत तरवडाला आहे. माळावर, रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगावर पिवळ्याधमक फुलांनी उभे असलेले हे झुडूप रोपवाटिकेत सहसा मिळत नाही, कारण ते कोणी मागत नाही. पूर्वी त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरत असत. नवरात्रात घटाच्या माळेसाठी आपल्याकडे ही फुले शोधली जातात. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तरवड रोप आणून लावण्यापेक्षा बी पेरून करावा, कारण त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि उपटून आणलेले रोप बहुधा जगत नाही. हिवाळ्यात कागदासारख्या चपट्या, तपकिरी झालेल्या शेंगा गोळा कराव्यात. बी खडबडीत सिमेंटवर हलकेच घासावे, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे आणि फुगलेले बी जूनमध्ये थेट जागेवर, बोटाच्या एका पेराइतके खोल टोकावे. एका जागी तीन बिया टोकाव्यात आणि नंतर जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. त्यावर फिकट हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध फवारू नये. त्यांतून फुलपाखरे निघतात आणि झुडूप पुन्हा पालवते.

बोगनवेल मूळची ब्राझीलकडची. एका फ्रेंच जहाजावरच्या वनस्पतीतज्ज्ञाने 1767 मध्ये रिओ द जानेरो येथे ती पाहिली आणि जहाजाचा कप्तान बोगनव्हिल याचे नाव तिला मिळाले. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात, खरे फूल मध्ये इवलेसे पांढरे असते. तिच्याबाबत सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे ‘वेल वाढली पण फुलत नाही’. याचे कारण बहुतेक वेळा जास्तीचे पाणी, जास्तीचे खत किंवा सावली यांपैकी एक असते. पाने किंचित मान टाकेपर्यंत पाणी रोखले, की तीच वेल रंगून जाते. तिची मुळे नाजूक असल्याने पिशवी ओढून न काढता कात्रीने कापून, मातीचा गोळा न फोडता लावावी.

कण्हेर, पिवळी बिट्टी आणि शेर ही तिन्ही झाडे पाण्यावाचून राहतात, पण तिन्ही घातक आहेत. कण्हेर आणि बिट्टी पानापासून बीपर्यंत विषारी आहेत, शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. घरात रांगते मूल किंवा दावणीला जनावर असेल तर ती लावू नयेत. छाटलेल्या कण्हेरीच्या फांद्या चाऱ्यात जाणार नाहीत याची दक्षता तर नेहमीच घ्यावी.

त्यांच्याऐवजी पिवळी कोरांटी, अडुळसा आणि निर्गुडी घ्यावी. तिन्ही स्वस्त, औषधी आणि शेळ्यांना नावडती आहेत. चाफा उंचवट्यावर हमखास येतो. फेब्रुवारीत हातभर फांदी कापून, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवून मग लावावी, ताजी लावली तर कुजते. जमिनीलगत रंग हवा असेल तर सदाफुली आणि चिनी गुलाब एकदा लावले की पुढे आपले आपण उगवत राहतात.

काही झाडे चिवट असूनही आणू नयेत. घाणेरी, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांना पाणी लागत नाही हे खरे, पण ती आपल्या कुंपणात राहत नाहीत. माळरानेच्या माळराने त्यांनी गिळली आहेत.

पाचवी पायरी : रोप विकत घेताना

मोठे, फुललेले रोप घेण्याचा मोह टाळावा. फूटभर उंचीचे रोप दोन वर्षांत चार फुटी रोपाला गाठते आणि बहुधा मागे टाकते, कारण पिशवीत अडकलेली मुळे गोल गोल फिरून आपल्याच गळ्याला फास लावतात. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेले रोप परत ठेवावे. दुसरी बाब म्हणजे गोळ्याची माती. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळशी रोपे आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात आणि त्यांचा गोळा लाल चिकणमातीचा, वाळल्यावर विटेसारखा टणक असतो. असा गोळा तसाच पुरला तर भोवतीची माती ओली आणि गोळा आतून कोरडा राहतो. मी लावलेल्या पाच रोपांपैकी चार अशीच गेली आणि उपटून पाहिले तेव्हा गोळा हातोडीने फोडावा लागला. बोगनवेलीसारखे अपवाद सोडले तर गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून बाहेरची माती बोटांनी सैल करावी. तसेच हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेले रोप थेट उन्हात ठेवू नये. आठवडाभर सकाळचे, पुढच्या आठवड्यात दुपारपर्यंतचे ऊन देऊन ते सरावू द्यावे.

सहावी पायरी : लावणी

एप्रिलमध्ये उंचवटे रचून उन्हात तापू द्यावेत. लावणी मृगाच्या पहिल्या शिडकाव्यावर करू नये. जमीन वीतभर ओली होईल असे दोन चांगले पाऊस झाल्यावरच करावी, कारण या पट्ट्यात जूननंतर तीन-चार आठवड्यांची दडी नेहमीची आहे. जून हुकला तर वाईट वाटून घेऊ नये. आपल्याकडे सप्टेंबरचा, उत्तरा-हस्ताचा पाऊस अनेकदा अधिक भरवशाचा असतो आणि त्यानंतर चार महिने सौम्य हवा मिळते.

रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल ठेवावे, खोडाशी माती चढवू नये. खोडापासून वीतभर अंतरावर पाच-सहा लिटरचे, चकाकी न दिलेले, भाजलेले साधे सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर पालथी पणती ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत. मडक्यातले पाणी माती कोरडी होईल तसे पाझरते आणि मुळे त्याच्याकडे खोल वळतात. वीस झाडांना ठिबक बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. अट एकच, दरवर्षी मडके बाहेर काढून क्षार घासून टाकावेत. शेवटी चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. वाळलेला पाला, उसाचे पाचट, तुरीचा भुसा, जे मिळेल ते चालते, फक्त ते खोडाला टेकता कामा नये. निवडुंग आणि अडेनियम (जाड बुंध्यात पाणी साठवणारे शोभेचे झुडूप) यांच्याभोवती मात्र पाला घालू नये, तेथे बारीक खडी बरी.

पहिले दोन उन्हाळे

‘कमी पाण्याचे झाड’ म्हणजे लावल्या दिवसापासून पाणी न लागणारे झाड, हा समज सर्वाधिक रोपे मारतो. मुळे खोल जाईपर्यंत तरवडसुद्धा तहानलेला असतो. पहिल्या वर्षीचा हिशेब वर दिला आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एक बादली आणि तिसऱ्यात फक्त मेमध्ये, तेही झाड मागेल तर. रोज तांब्याभर पाणी देण्याने मुळे वरच्या चार बोटांतच घुटमळतात आणि आपण चार दिवस गावाला गेलो की झाड मान टाकते. खत वर्षातून एकदा, जूनमध्ये, दोन ओंजळी शेणखत पुरे. युरियाने कोवळी, पाणीपिती वाढ होते आणि तीच आधी करपते.

मेमध्ये एखादे झाड वाळल्यासारखे दिसले तर लगेच उपटू नये. बारीक फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड झोपले आहे, त्याला नेहमीचेच पाणी द्यावे, वाढवू नये. तपकिरी दिसले तर हळूहळू खाली सरकत खोडापर्यंत तपासावे आणि जेथे हिरवे लागेल त्याच्या बोटभर वर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कापावे. जमिनीपर्यंत काहीच हिरवे लागले नाही तरी निर्गुडी, अडुळसा आणि सीताफळ यांना जुलैच्या मध्यापर्यंत मुदत द्यावी. माझे सध्याचे सीताफळ एका जूनमध्ये तळाशी कापून टाकलेल्या बुंध्यातून, दोन पावसांनंतर, जमिनीखालून फुटलेले आहे.